बिनवलयाचा चेहरा

परांचीची दोरी तुटली नव्हती, कापली होती. खाली चर्चच्या फरशीवर काचचित्रं करणारा कारागीर मान मोडून पडला होता. रविवारी अनावरण व्हायच्या खिडकीवरचा पडदा ओरबाडून काढलेला होता आणि प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रातला एकच चेहरा हातोडीने फोडलेला होता.

सकाळी कुलूप फादरनी उघडलं होतं. त्यांच्यानंतर आत फक्त फौजदारबाई आल्या होत्या.

"फुटलाय तो कोण?"

"प्रभूचा लाडका शिष्य. प्रभूच्या छातीवर डोकं टेकवून बसलाय, बघा. आपणही असंच निर्धास्त टेकवावं, एवढंच ही खिडकी सांगते."

"मग याच्यामागे साधी काच का? बाकीच्यांना सोनेरी वलय आहे."

"सोनेरी काच भट्टीत भाजून शेवटी बसवायची, ही त्याची पद्धत. याचीच तेवढी राहिली होती."

टेबलाच्या अलीकडे आणखी एक जण बिनवलयाचा होता. त्याच्या मुठीत थैली होती.

"आणि याचं?"

"तो दगाबाज, थैलीभर चांदीसाठी प्रभूला पकडून देणारा. त्याला वलय नसतंच."

बाईंनी खिडकीबाहेरच्या गवतातून तुकडे वेचले. एकावर हनुवटी होती आणि हनुवटीवर आडवा व्रण.

तसाच व्रण परांची बांधणाऱ्या सुताराला होता. तो कारागिराचा धाकटा भाऊ. वडिलांच्या घरावरून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. बाई त्याच्या दुकानात गेल्या तेव्हा तो रंधा मारत होता. सख्खा भाऊ गेल्याचं कळूनही त्याचा हात थांबला नव्हता. बाईंना त्याची किळस आली.

"खिडकी पाहिली होतीस?"

"पडदा होता. आणि त्याच्या कामाशी माझं काय देणंघेणं?"

"कुणीतरी एक चेहरा फोडलाय."

"दगाबाजाचाच ना? फुटला तर फुटला."

बाईंनी त्याला खिडकीसमोर आणलं. कारागिराची बायको, सुताराची वहिनी, आधीच तिथे बसली होती. तिच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"कुठला चेहरा फुटला हे मी तुला सांगितलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "दगाबाज तर धडधाकट बसलाय, थैली घेऊन. तू पडदा सारलास, आपला चेहरा ओळखलास आणि डोक्यामागे वलय दिसलं नाही. त्याने आपल्याला जन्मभरासाठी दगाबाज करून टांगलं, असं तुला वाटलं. थैली कुणाच्या हातात आहे ते बघायलाही तू थांबला नाहीस."

"रोज प्रार्थनेला येणारे माझ्यावर थुंकले असते," तो म्हणाला. "म्हणून दोरी कापली."

वहिनीने पदर सोडला. भट्टीतून काढलेलं सोनेरी वलय अजून कोमट होतं.

"भट्टीत ठेवताना हे म्हणाले, धाकट्याचं आहे, जपून काढ. तोंडाने समजूत काढायला जमत नव्हतं त्यांना."

सुतार गुडघ्यांवर बसला. त्याने हात पुढे केला.

"वहिनी, ते बसवा. एवढं तरी करा."

"कशावर बसवू?" ती म्हणाली. "चेहरा तूच फोडलास."

तिने वलय पुन्हा पदरात गुंडाळलं आणि ती घरी निघून गेली.