कुरंगखिंडीतला निरोप

कुरंगखिंडीच्या युद्धसंग्रहालयात पर्यटकांची झुंबड उडाली होती. ज्या खडकांआड पोरे मेली, तिथे लोक दात काढून फोटो काढून घेत होते. इंदुमतीबाई खळदकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा, कॅप्टन विराज, इथेच वेढ्यात सापडून गेला होता. त्याला आणायला बचावयान का आले नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी जोडे झिजवले होते. युद्धातली ध्वनिमुद्रणे यंदा खुली झाली आणि त्या तडक साताऱ्याहून निघाल्या.

संग्रहालयाचे शास्त्रज्ञ डॉ. गिल पंजाबचे, त्यामुळे बोलणे हिंदीत चालले होते.

"यान एकच होतं, चौक्या अनेक. शत्रूनं आमची सगळी उपकरणं आंधळी केलेली, फक्त आवाज पोहोचत होता. तेव्हा जवानांचं बोलणं ऐकून यान कुठं पाठवायचं, हे 'शब्दवेध' यंत्रणा ठरवायची."

"नुसत्या बोलण्यावरून?"

"जागेवरच्या माणसाइतकं कुणाला कळतं, माताजी? त्याचा शेवटचा शब्द खरा मानायचा, हेच तिला शिकवलं होतं. अडकलो म्हणाला, तर यान पाठव. परत येतोय म्हणाला, तर दुसरीकडे वळव."

"विराज असं म्हणालाच नाही! त्याचा शेवटचा फोन मलाच होता."

"यान निघालं होतं. अर्ध्या वाटेवरून वळलं. ऐका."

दालनात विराजचा आवाज घुमला. "आई, गोळ्या संपल्या गं. आता काही खरं नाही. जातो मी."

"इथं यान उडालं," पडद्यावर बोलण्याच्या हिंदी भाषांतराशेजारी सरकणाऱ्या यानाच्या चित्राकडे बोट दाखवत गिल म्हणाले.

मग बाईंचा स्वतःचाच आवाज आला. "जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हणावं. म्हण बघू."

"बरं. येतो, आई."

"आणि इथं वळलं. स्वतःच येतो म्हणाला, मग आला का नाही, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही."

बाईंना सुटले होते. आपणच, आपल्याच तोंडाने, पोराला मारले.

मागे उभी असलेली एक मराठी पर्यटक बाई पदराने डोळे टिपत नवऱ्याला म्हणाली, "मरणाच्या दारातसुद्धा आईचा शब्द मोडला नाही हो! याला म्हणतात संस्कार. डॉक्टरसाहब, फिर से लगाइए ना."

गिलनी पुन्हा लावले. पडद्यावर यान पुन्हा उडाले, आणि इंदुमतीबाई स्वतःच्याच आवाजावर किंचाळल्या, "गप्प बस, मेले! गप्प बस!"