मागे एक फाइल राहत नाही

अपूर्व पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा मी त्याच्याशी भांडलेच. इतवारीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन कम्प्यूटरवर चालतं, ते मी सांभाळते. मिहानच्या आयटी पार्कातल्या त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं अन् आमचा जुना कम्प्यूटर पार झोपला.

"एक नाव घालायले एवढा पसारा? डिस्क भरून गेली ना हो!"

"दर शनिवारी येऊन थोडं थोडं काढून देतो..." तो खाली बघत म्हणाला.

आला खरंच. तो नको त्या फाइली काढायचा, मी चहा मागवायचे. आधी तीन तास लागायचे, मग दोन, मग एक. "कधी संपणार हो तुमचं?" मी दर वेळी विचारायचे. अगं बाई, विचारायचे कशाला? संपू नये असं वाटायचं म्हणूनच!

त्या शनिवारी आभाळ गच्च भरलेलं होतं. अपूर्वनं माझ्यापुढे पेनड्राइव्ह ठेवला.

"आता कम्प्यूटरमध्ये काहीच टाकायचं नाही, सगळं सॉफ्टवेअर यात आहे. हा लावायचा, नाव घालायचं, काढून घ्यायचा. मागे एक फाइल राहत नाही."

"मग तुमी...?"

"मी येत्या सोमवारी पुण्याले जाऊन राहिलो. नवी नोकरी."

"पाहू तर, चालते का," म्हणत मी मशीनखाली पेला ठेवला, दोन नावं टाइप केली, बटण दाबलं. मशीन किर्रर्र करत होतं. मी मान वर केली नाही.

पेल्यावर आमची नावं उमटली — अपूर्व, मेघा. नवरा-नवरीची घालतो तशी, शेजारी शेजारी.

त्यानं त्यावरून हळूच बोट फिरवलं. "आधी काहून नाही सांगितलं वं?"

"तू काहून नाही विचारलं गा? मले तू आवडतो. पहिल्या भांडणापासून!"

"मले वाटलं, तुले माझं काम लवकर संपलेलं पाहिजे. म्हणून तर जिवाचं रान करून हे हलकं केलं..." तो पेनड्राइव्हकडे बघत म्हणाला, "मागच्या आठवड्यात घरच्यांनी पाहिलेल्या मुलीले होकार देऊन बसलो मी."

बाहेर हातगाड्यांचा गलका चालूच होता. तो पेला ठेवून निघून गेला.

पेला माझ्याकडेच आहे. नाव घातलेलं भांडं कोण घेणार? कालच्या शनिवारी सवयीनं दोन चहा सांगितले. कम्प्यूटर झकास चालतोय. मेल्यानं एकदा तरी अडावं की नाही!