शेवटची श्रोती

अपर्णा मुळीक यांनी आजवर अकरा कादंबऱ्यांत माणूसजात संपवली होती. कधी यंत्रमानवांनी धरणं फोडली, कधी अन्नात विष कालवलं, एकदा तर सगळ्यांना झोपेतच गारद केलं. बाराव्या खेपेला मात्र त्यांचा हात चालेना. खरे यंत्रमानव आता कराडच्या प्रत्येक घरात भाजी निवडत होते, म्हाताऱ्यांचे पाय चेपत होते आणि कुणाच्या केसालाही धक्का लावत नव्हते. अशा गरीब गाईंना खलनायक तरी कसं करायचं? ताई थकल्या होत्या. जग संपवण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

एक रीत मात्र त्यांनी सोडली नव्हती. हस्तलिखित छापायला देण्याआधी ते शलाकाला वाचून दाखवायचं. शलाका ही त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. दर गुरुवारी दुपारी तिच्या ओसरीवर बैठक जमायची. शलाका भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची आणि प्रकरण संपलं की एकच शब्द विचारायची, "मग?" आवडलं नाही तर तोंडावर सांगायची, "फाडून टाक हे."

पावसाळ्यात ताईंचा घसा बसला, तेव्हापासून वाचायला त्यांचा 'सोबती' जाऊ लागला. सोबती म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. त्यात मालकाची स्वरछाप भरता यायची, म्हणजे तो हुबेहूब मालकाच्या आवाजात बोलायचा. पुढं घसा मोकळा झाला, पण ताई काही उठल्या नाहीत. त्यांचाच आवाज जात होता, मग देह कशाला झिजवायचा?

या गुरुवारी सोबती परत आला. ताईंनी विचारलं, "काय म्हणाली शलाका?"

"छान म्हणाल्या."

"गेल्या वेळी?"

"तेव्हाही छान म्हणाल्या."

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. शलाकानं उभ्या आयुष्यात त्यांच्या लिखाणाला छान म्हटलं नव्हतं. बरं नाही की काय तिला? की आपल्यावर रागावली? पुढच्या गुरुवारी सोबतीला पाठवून दिलं आणि थोड्या वेळानं त्या स्वतःही निघाल्या.

फाटकापाशी पोचल्या तोच स्वतःचा आवाज कानी पडला. वाचन रंगात आलं होतं. प्रकरण संपलं आणि शलाकाचं ते ओळखीचं "मग?" ऐकू आलं. ताईंचा जीव भांड्यात पडला. उगाच शंका घेतली, असं म्हणत त्यांनी कडी काढली.

ओसरीवर दोन सोबती समोरासमोर बसले होते. मधे दोन कप चहा गार होत होता. एक ताईंच्या आवाजात वाचत होता, दुसरा शलाकाच्या आवाजात हुंकार देत होता. कादंबरीतली शेवटची माणसं मरत होती आणि ऐकायला माणूस नव्हतं.

शलाका स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. ताईंना पाहून ती उठली नाही.

"हे काय गं चालवलंयस?" ताईंनी विचारलं.

"काय चालवलंय? तू तुझा पाठवलास, मी माझा बसवला. फिटंफाट."

"माझा घसा बसला होता."

"घसा बसला होता ना? पाय तर धड होते." शलाकानं एक दाणा रागानं परातीत टाकला. "पहिल्या खेपेला मी ऐकलं बरं का सगळं. आवाज तुझाच, पण एकदाही अडखळला नाही. तू 'थांब, इथं जरा फसलंय' म्हणतेस, तेही नाही. मग यंत्रापुढं डोळे मिटून बसायची मलाच लाज वाटली."

"सांगायचं तरी."

"तुला वाईट वाटलं असतं."

ताईंना आत्ताही वाईटच वाटत होतं, फार वाटत होतं. एवढ्या वर्षांची मैत्री एकीनं आळसापायी आणि दुसरीनं मन राखण्यापायी दोन यंत्रांच्या हवाली केली होती. ना धरण फुटलं, ना विष कालवलं गेलं. त्या खाली बसल्या आणि न सोललेले चार वाल ओढून सोलू लागल्या.

"शेवट लिहिलास?" शलाकानं विचारलं.

"काल लिहिला. फसलाय बहुतेक."

"मग वाच की. तुझ्या तोंडानं."

दोघी ओसरीवर आल्या. ताईंनी आपल्या सोबतीच्या हातून पानं घेतली आणि त्याला घरी धाडलं. "याला बंद करू?" ताईंनी शलाकाच्या सोबतीकडे बोट दाखवलं.

"बसू दे गं. सवय झालीय त्याला."

शलाका भिंतीला टेकली, तिनं डोळे मिटले. ताई वाचू लागल्या. आवाज चिरकत होता, ओळी निसटत होत्या, दोनदा खोकल्यानं अडवलं. पण वाचता वाचता त्यांना कळत होतं, हे प्रकरण जमलंय. शेवटची ओळ संपली. पान मांडीवर ठेवून त्या थांबल्या. ओसरीवर सामसूम होती. शलाकाचा श्वास संथ लागला होता. ती ऐकत होती की झोपली होती?

तेवढ्यात शलाकाच्या आवाजात प्रश्न आला, "मग?"

ताईंची नजर पानावरच खिळली. वर पाहिलं की कळणार होतं, कुणी विचारलं ते. पाहावं का?