लिंबाचा हात

“काय वं मुग्धा, तुह्या तळहातावर लिंबू ठेवून कोणी पट्टा चालवला, तर हात हलू न देता उभी राहशील का?”

दादाजींनी हे विचारलं तेव्हा अंगणात चांगलाच अंधार झाला होता. मुग्धाने हात ओढणीत लपवला. अंकित म्हणाला, “मी तर पळून जाईन.”

“पळशीलच तू. आपला गिरिधरही पळाला असता. त्याचीच गोष्ट हाय ही. त्यानं स्वतः मले सांगितली. ऐका.”

गिरिधर नागपूरच्या गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळ झाली की मात्र तो चंपतराव वस्तादांच्या आखाड्यात जायचा. लाठी, बनेटी, तलवार सगळं तिथे शिकवत, पण मान होता दांडपट्ट्याला. लांब, लवलवतं पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. खंडेनवमीची शस्त्रपूजा झाली की वस्ताद एका शिष्याच्या तळहातावर लिंबू ठेवत. पट्टा सपकन फिरे. लिंबाच्या दोन फोडी होत आणि कातडीला ओरखडाही नसे. तो हात दर वर्षी सुमंतचा, वस्तादांच्या लाडक्या शिष्याचा; ‘माह्या लिंबाचा हात’ असंच ते त्याला म्हणत. गिरिधरचा हात थरथरायचा.

“गिऱ्या, तुह्यावर भरोसा हाय गा, तुह्या हातावर नाही,” वस्ताद हसून म्हणत.

आखाड्याची आणखी एक रीत होती. पूजेच्या आधी पट्ट्याला तेल लावून तो लाल कापडात बांधायचा. मग ती गाठ पूजेलाच सुटायची, तीही वस्तादांच्या हातून. मधे कोणी सोडली, तर बांधणाऱ्यावर संशय घेतल्यासारखं होई.

गेल्या श्रावणात वस्ताद वारले. गाठ सोडायचा मान त्यांच्या पत्नीकडे, शामलाबाईंकडे आला. धार लावून आणतो म्हणून सुमंत पट्टा कामठीला आपल्या घरी घेऊन गेला होता. तो आणायला त्यांनी अष्टमीच्या रात्री गिरिधरला पाठवलं.

सुमंत दारातच उभा होता. लाल गठडं तयार होतं.

“काहून गा, मले आत नाही बोलावत?” गिरिधरने विचारलं.

“तुही वहिनी झोपली ना. नाहीतर चहा पाजला असता. जाय खुशाल. गाठ सोडू नको हं, नाहीतर बाई मले सोडणार नाहीत.”

दोघे हसले. लहानपणापासूनचे गुरुभाऊ. एकाच डब्यात जेवलेले.

गिरिधरने गठडं पाठीला बांधलं आणि मोटरसायकल नागपूरकडे वळवली. साडेअकरा वाजले होते. नवरात्र असूनही भिलगावच्या पुढे रस्ता सामसूम होता. गाडी नीट चालली होती. मग अचानक मागचं चाक दबलं. कोणीतरी मागे बसल्यावर दबतं, तसं.

तिळाच्या तेलाचा वास आला. पट्ट्याला लावायचं तेच तेल.

गिरिधरने आरशात पाहिलं नाही. गाडी कडेला घेतली. इंजिन आपोआप बंद पडलं.

“गाठ सोड.”

आवाज ओळखीचा होता. फार ओळखीचा.

“वस्ताद... रीत नाही.”

“मी सांगून राहिलो नं.”

गिरिधरने गाठ सोडली. मोबाइलचा उजेड पाडला. आत पट्टा होताच. पण पातं वाकवल्यावर ते तसंच वाकलेलं राहिलं. चंदेरी रंगाचा पत्रा! मिरवणुकीत नाटकातले मावळे धरतात तसला.

तो खाली बसला. सदर भागात एक जण जुनी हत्यारं विकत घेतो, भिंतीवर टांगतो, असं सुमंतच मागे म्हणाला होता. तेव्हा गिरिधरने ते हसण्यावारी नेलं होतं. सकाळी सगळ्यांसमोर बाई गाठ सोडतील. आत पत्रा निघेल. पट्टा कोणी आणला? गिरिधरने. आखाड्यात पुन्हा पाय ठेवायची सोय राहिली नसती. गिरिधर वाटेत गाठ सोडणार नाही, हे सुमंतला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या भाबडेपणावरच तर सगळं बेतलं होतं.

त्याला राग आला नाही. त्याने तो पत्रा पुन्हा लाल कापडात गुंडाळला.

मागे कोणीतरी श्वास घेतला. त्या श्वासात हुंदका होता.

“माह्या लिंबाचा हात... कुठं हाय?”

गिरिधर उठून उभा राहिला.

“कुठं हाय गा, गिऱ्या?”

रस्त्यावर काही नव्हतं. एक ट्रकसुद्धा नाही...

गिरिधरने हात उचलला. कामठीकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हात थरथरला नाही.

गाडीचं दबलेलं मागचं चाक पुन्हा वर आलं. तेलाचा वास कामठीच्या दिशेने गेला. दूर, अगदी दूर, हवा कापल्याचा आवाज आला.

सप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या वेळी सुमंत स्वतः आखाड्यात आला. डाव्या हातात लाल कापडात बांधलेला खरा पट्टा होता. तो त्याने शामलाबाईंच्या पायाशी ठेवला. उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. आखाड्यातल्या दोघा पोरांनी मिळून ती उघडली, तेव्हा आत लिंबाची ताजी फोड निघाली. तळहातावर ओरखडाही नव्हता. शामलाबाईंनी पट्ट्याची गाठ सोडली. दुसरी फोड खोबळ्यात होती.