मी पण आहे

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. जिच्यावर ही वेळ आली ती पेत्रोनेला मावशी माझ्या आईची चुलत बहीण. फ्लोरेस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ती आजही त्याच घरात राहते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मार्चातला मंगळवार, दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन.

मावशी पडवीत भिंतीकडे तोंड करून विणायला बसली होती. आमच्याकडचा माग बाईच्या कमरेलाच बांधलेला असतो. पाठीला पट्टा, पुढे ताणलेलं सूत. एकदा बसलं की चटकन उठता येत नाही, नीट मागे वळताही येत नाही.

घरात ती आणि नात लुसिया, दोघीच. लुसियाचे आईबाप मलेशियात कामाला. सहा वर्षांची पोर मावशीच्या भरवशावर, आणि मावशीचा सगळा जीव त्या पोरीत. आमची घरं खांबांवर उभी. लुसिया नेहमी घराखालीच खेळायची.

आधी सूत हललं.

मग खांब करकरले. दणका नाही, काही नाही... पाळणा हलवावा तसं घर सावकाश डुलू लागलं.

भूकंप झाला की आमच्याकडे ओरडायचं असतं. वर अजून माणसं आहेत, हे जमिनीच्या पोटात राहणाऱ्यांना कळायला हवं. मावशी ओरडली, "आम्ही आहोत! आम्ही दोघी आहोत!"

शेजारून, पलीकडून, पार चर्चपर्यंत आरोळ्या गेल्या. "आम्ही आहोत! आम्ही आहोत!"

घर थांबलं. आरोळ्याही थांबल्या.

कोंबड्या गप्प. कुत्री गप्प. समुद्राचासुद्धा आवाज नाही.

आणि मग... घराखालून...

"मी पण आहे!"

लहान मुलीचा आवाज. जरा रुसलेला.

मावशीला हसू आलं. "अगं बये, तुला धरूनच तर दोघी म्हटलं! ये की मग वर!"

इथेच ती चुकली. भूकंपानंतर तोंड दिसल्याशिवाय कुणाला वर बोलवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शिडी वाजली. पहिली पायरी... दुसरी...

पाचही वाजल्या.

बांबूच्या जमिनीवर ओली पावलं. चप्... चप्... ती मावशीच्या पाठीमागे येऊन थांबली.

"पाण्यात खेळलीस ना? थांब, बघतेच तुझ्याकडे."

खारट, कुबट वास आला... आणि कुणीतरी कमरेचा पट्टा हळूच धरला.

तेवढ्यात रस्त्यावरून शेजारच्या क्लेमेन्सची हाक आली. "काय काकू, घाबरलात की काय? पाचशे किलोमीटर खोल होता म्हणे, मोबाईलवर आलंय. लाटेची भीती नाही. आमचा बोकड तर उठलासुद्धा नाही! आणि ही घ्या तुमची भवानी. तासभर आमच्याकडं पिल्लांशी खेळत बसलीय."

मागोमाग लुसियाचं खिदळणं... रस्त्यावरून.

पट्टा अजून कुणीतरी धरलेलाच होता.

"क्लेमेन्स, पोरीला वर आणू नकोस."

"का हो?"

"आणू नकोस म्हणते ना!"

पट्टा सैल झाला. मावशीने धडपडत तो सोडला आणि वळून पाहिलं. कुणी नव्हतं. ओली पावलं होती, लहान, आत येणारी. बाहेर जाणारी नव्हती.

त्या दिवशी मावशीने माझ्या आईला फोन केला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. मोठी लाट आली त्या वर्षी मावशी सतराची होती. धाकटी बहीण दोरोतेया आठची. दोघींचं भांडण झालेलं, म्हणून दोरोतेया घराखाली जाऊन बसली होती. जमीन हलली तेव्हा तीही खालून ओरडली होती, "मी पण आहे!"

"बस तिथेच!" मावशी म्हणाली होती.

थोड्या वेळात लाट आली. दोरोतेया सापडलीच नाही.

फादर येऊन घरभर पवित्र पाणी शिंपडून गेले. मावशी लुसियाला नजरेआड होऊ देईना.

ऑगस्टात एकदाच चुकलं. लुसिया झोपली होती म्हणून मावशी विहिरीवर गेली. आणि पुन्हा तसाच भूकंप, खोलचा, पाळण्यासारखा. मावशी घागर टाकून धावत सुटली. वाटेतच तिला घरातून लुसियाची आरोळी ऐकू आली.

"आम्ही दोघी आहोत!"

मावशी शिडी चढून आत आली. लुसिया एकटीच बसलेली. सकाळी मोकळे असलेले तिचे केस आता... दोन वेण्यांत घातलेले. वेण्यांतून पाणी टपकत होतं.

"दोघी कोण गं?"

लुसियाने नवलाने आजीकडे पाहिलं. "असं काय गं, ओमा? तूच नाही का तिला वर बोलावलंस?"

परवा पुन्हा जमीन डुलली, पिंपातलं पाणी हललं. मी तिथेच होतो. मावशी आता नुसतंच "आम्ही आहोत" ओरडते. किती जणी, ते सांगायची तिची छाती होत नाही.