अकरा मिनिटं

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. वाटलं तर माझ्या मावसभावाला, अनयला विचारा. फक्त रविवारी विचारू नका.

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार. पहाटे पाच चाळीसची वेळ. जागा, मुलुंड टोलनाक्यापासून घाटकोपरपर्यंतचा हायवे.

पाच पोरं, पाच बाइक. त्यांचे तीन नियम होते.

नंबरप्लेटला काळी टेप लावायची.

सगळ्यांचे फोन एकाच सॅकमध्ये टाकायचे, म्हणजे कुणी व्हिडिओ काढणार नाही. सॅक कायम अनयच्या पाठीला.

आणि कुणी पडलं, तर थांबायचं नाही. पोलिसांना सापडला तर एकटाच सापडू दे.

हा शेवटचा नियम अनयचाच. फार हुशार आमचा अनय!

मजा असते यात, खोटं कशाला बोलू? मीही एकदा त्याच्या मागे बसलोय. काटा एकशेवीसच्या पुढे गेला की ऑफिस, बॉस, घरची बोलणी, डोक्यातलं सगळं गप्प होतं. उतरलं की वाटतं, अजून एकदा. तेवढ्यासाठी ही पोरं जीव पणाला लावत होती.

त्या दिवशी अनय पुढे होता. त्याच्या मागे ओजस, पहिलीपासूनचा जिगरी दोस्त.

कांजूरमार्गला डम्पिंगचा, कुजलेल्या कचऱ्याचा वास आला. आरशात ओजसचा हेडलाइट दिसत होता.

मग...

दिसेना.

पत्रा फरफटत गेल्यासारखा आवाज आला. अनयने आरशातून नजर काढली आणि गाडी अजून पिळली.

घाटकोपरला चौघंच पोचले. बाकीचे तिघं सॅकमधून आपापले फोन घेऊन पांगले. तेवढ्यात सॅकमध्ये एक फोन थरथरला. ओजसचा. स्क्रीनवर 'आई'. अनयने तो बंद केला. पाच अठ्ठेचाळीस झाले होते. घरी जाताना त्याने तो फोन भांडुपच्या नाल्यात फेकला.

ओजस साडेसहापर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. प्लेटवर टेप, खिशात फोन नाही. कोण आहे हे कळायलाच नऊ वाजले.

तेराव्याला शुभाकाकूंनी, ओजसच्या आईने, अनयला आत बोलावलं. त्यांनी आपला फोन त्याच्यापुढे धरला.

ओजसचा आलेला कॉल. पाच बावन्न. अकरा मिनिटं.

अनयने ती वेळ पुन्हा वाचली. तेव्हा तो फोन बंद होता. त्याच्याच सॅकमध्ये.

"तू होतास ना रे त्याच्याजवळ?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा टाकला. तो चहा हा प्यायलासुद्धा.

पुढच्या रविवारी पहाटे पाच बावन्नला अनयचा फोन वाजला.

स्क्रीनवर... ओजस.

त्याने उचलला नाही. तो अकरा मिनिटं वाजत राहिला. स्विच ऑफ केल्यावरही. खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत डम्पिंगचा वास भरला होता.

असे चार रविवार गेले. पोरगा अर्धा झाला. शेवटी मीच त्याच्यावर ओरडलो, "अरे, त्या बाईला खरं सांगून टाक ना!"

तो गेला. सगळं बोलला. टेप, सॅक, आरसा, नाला.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"माहितीये. अकरा मिनिटं तो तेच सांगत होता. आई, अनय पुढे गेला. आई, अजून नाही आला. मी घसा फोडून विचारत होते, बाळा, कुठे आहेस? तेवढं एक सांगेना."

अनयला हुंदका फुटला. "मग त्या दिवशी मला विचारलंत कशाला, काकू?"

"मला नव्हतं विचारायचं. त्याला ऐकायचं होतं. मलाही येतो ना रे रविवारी त्याचा फोन. तू जे बोललास, ते मी त्याला सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. ठेवून दिला."

गेल्या शनिवारी अनय आमच्याकडे बोरिवलीला झोपायला आला. त्याचा फोन मी माझ्या हाताने कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पहाटे पाच बावन्नला फोन वाजला.

माझा.

ओजसचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता. तरी स्क्रीनवर नाव होतं. मी उचलला नाही. अनय भिंतीकडे तोंड करून पडून होता, जागा होता, आणि घरभर तो वास येत होता.

उद्या पुन्हा रविवार आहे.