सोळावा टाका

सतरा वर्षांनी ती त्या शहरात सकाळच्या गाडीनं उतरली, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरवूनच. काम काहीच नव्हतं. घरात मुलीशी रोज उडणाऱ्या खटक्यांनी ती मेटाकुटीला आली होती, तेव्हा नवराच म्हणाला, "एक दिवस जाऊन ये. तुझं लाडकं शहर बघ, बरं वाटेल." निघताना मुलीनं खोलीचं दार आपटलं. सोळा पूर्ण झाल्यापासून ती आईशी धड एक वाक्य बोलली नव्हती.

शहर पाहुण्यांनी तुडुंब भरलं होतं. भर उन्हाळ्यात सगळ्या जगाला इथेच यायचं असतं. तिच्या आवडत्या बाकावर अनोळखी माणसांच्या बॅगा होत्या, सावलीच्या बाजूला उभं राहायलाही जागा नव्हती. तासाभरात पाय भरून आले आणि आपसूक जुन्या दुकानाकडे वळले. चपलांच्या दुकानावरचा मजला, अरुंद जिना, खिडकीशी तीन शिलाई मशिनं. लग्नाआधी पाच वर्षं तिनं इथे कॉलरी शिवल्या होत्या. डावखुरी, म्हणून नाव पडलं होतं डावरी.

मालकीणबाईंनी मान वर केली. त्यांचे केस अजून काळेभोर होते.

"आलीस डावरे? बस बाई लवकर. हॉटेलचे नऊ शर्ट आजच जायचेत, कॉलरी तेवढ्या राहिल्यात."

तिला हसू आलं. बाईंना पहिल्यापासून थट्टेची सवय. पण खिडकीजवळच्या मशिनवर कात्री डाव्या हाताला ठेवलेली होती, आणि सुईखाली एक अर्धवट कॉलर.

"माझ्या जागी कोण बसतं आता?"

"तुझ्या जागी दुसरं कोण बसणार?"

अर्धवट शिलाई दिसली की तिला राहवत नसे. या खोडीपायी तिनं परक्यांच्या घरीसुद्धा पडद्यांच्या कडा मारल्या होत्या. एवढी एकच, म्हणत ती बसली. सवयीनं पर्समधली टेप काढून गळ्यात टाकली. ही तिची घरची टेप. मुलीची उंची दर वाढदिवशी जिथे येई, तिथे लाल दोऱ्याचा एक टाका. सोळा टाके. सोळावा एकोणसाठ इंचांवर. मुलगी आईसारखीच ठेंगणी.

पहिली कॉलर झाली. हॉटेलचा माणूस नमुना म्हणून तो शर्ट घेऊनही गेला. तिनं दुसरा घेतला, मग तिसरा. किती दिवसांनी कुणी आपल्याशी न भांडता आपल्याला काम देत होतं. कंबर दुखायची थांबली. चष्मा पर्समध्येच राहिला होता, तरी दोरा पहिल्या खेपेला ओवला जात होता. पांढरं रीळ मात्र पहिल्याइतकंच भरलेलं दिसत होतं. नऊ कॉलरी झाल्या.

फोन वाजला. घरचा नंबर.

"आई, माझा पुढचा दात पडला. बाबा म्हणाले, तू आल्यावर बघशील."

आवाज लहान मुलीचा होता. आवाज ओळखीचा होता.

तिनं टेपवरून बोट फिरवलं. मोजलं. पुन्हा मोजलं. सात टाके. पुढे नुसती सुईची भोकं.

"बाई, मी निघते."

"निघ की. दहावा शर्ट सापडलाय, तेवढा करून निघ."

तिनं कात्री उचलली आणि जवळची कॉलर उसवायला घेतली.

"चांगली शिवलेली उसवतेस कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या.

शिवताना दोरा पांढरा होता. उसवताना लाल निघाला.

आठ शर्टांतून आठ तुकडे निघाले, बोटाएवढे. बाहेर येऊन जिन्यावर बसून तिनं ते एकेक करून टेपच्या भोकांतून ओवले. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. शेवटचं भोक रिकामं राहिलं.

तो पहिला शर्ट हॉटेलवर होता. हॉटेल दोन गल्ल्यांवर होतं. गाडीला पाऊण तास होता.

फोन पुन्हा वाजला.

"आई, पोचलीस का स्टेशनवर?" मुलीचा आवाज, मोठा, ओळखीचा, आणि मऊ. "दमली असशील ना गं. मी स्वयंपाक करून ठेवते. लवकर ये."

तिनं सोळाव्या, रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं. ती खरोखरच फार दमली होती. मग तिनं टेप गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि गर्दीतून वाट काढत सरळ स्टेशनवर गेली.

घरात आता कुणी दार आपटत नाही. मुलगी आईच्या कुशीत शिरते, केस विंचरून घेते. त्या उन्हाळ्यानंतर तिचे चार वाढदिवस झाले. दर वेळी ती आपणहून भिंतीला पाठ लावून उभी राहते, आई टेप धरते, आणि डोकं पंधराव्या टाक्याला येऊन थांबतं. केकवर मेणबत्त्या पंधराच लावतात. वडील त्या मोजून देतात.